न तुटलेला धागा

दादाला दवाखान्यात आणलं तेव्हा घरच्यांपैकी सगळ्यांत आधी मी पोहोचले. मी धामणकर नाक्याजवळ राहते आणि दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा आहे. बाकीचे मानकोलीहून, दादाच्या घरून, येत होते आणि कंटेनरच्या रांगेत अडकले होते. आत काय चाललंय ते मला कुणी सांगत नव्हतं. बाहेर एका स्टीलच्या ट्रेमध्ये त्याच्या अंगावरच्या वस्तू काढून ठेवल्या होत्या. घड्याळ, रुमाल, चष्मा आणि कमरेचा पट्टा. पट्ट्याला चामड्याचं कव्हर होतं, कव्हरात रिव्हॉल्व्हर होतं, आणि कव्हराच्या झाकणावरून मुठीला वेढे देऊन बांधलेला लाल धागा होता. दसऱ्याच्या पूजेचा. दसरा कधीच होऊन गेला होता. वैशाख चालू होता.

थोड्या वेळाने एक हवालदार आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, नर्सकडून कात्री मागून घेतली आणि तो धागा कापला. मग झाकणाचं बटण उघडून रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, गोळ्या वेगळ्या केल्या आणि सगळं पाकिटात भरलं. धागाही भरला.

मी त्या वेळी रडत नव्हते. मी एवढाच विचार करत होते की दसऱ्यापासून आजपर्यंत या माणसाने हे एकदाही कव्हरातून बाहेर काढलेलं नाही. काढलं असतं तर धागा राहिला नसता. माझा भाऊ आत मरत होता आणि मला त्याचा राग आला होता. तो राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात दुःख हळूहळू निवतं. माझं निवलं की नाही ते मला सांगता येत नाही, कारण त्याच्यावर हा राग बसलेला आहे आणि खालचं काही दिसत नाही.

आमचं घर मूळचं भातशेतीचं आणि खाडीचं. वडिलांच्या उतारवयात त्या शेतांवर गोदामं उभी राहिली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. दादा गोदामं भाड्याने देता देता शेठ झाला. गळ्यात जाड साखळी आली, दारात गाडी आली. पुढे जमिनीच्या एका भांडणात त्याला फोनवर धमक्या येऊ लागल्या, तेव्हा परवाना काढून रिव्हॉल्व्हर आलं. धमक्या खऱ्या होत्या. वहिनी रात्रभर जागी असायची. मी तेव्हा त्याला घेऊ नको म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. ज्याला भीती आहे त्याने आपली सोय करावी. पण सोय केली असं म्हणून ती कपाटात ठेवायची, याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

घरात त्याला रिव्हॉल्व्हर कुणी म्हणत नसे. 'वस्तू' म्हणत. आमच्याकडे सोन्यालाही वस्तूच म्हणतात. लग्नाला निघताना वहिनी विचारायची, "वस्तू घातली का?" तेव्हा ती साखळीबद्दल विचारते आहे की कमरेबद्दल, हे बाहेरच्या माणसाला कळलं नसतं. दोन्ही एकाच कपाटात, एकाच कप्प्यात. दोन्ही हळदीला आणि लग्नाला बाहेर निघत. हळदीच्या मांडवात शर्ट थोडा वर सरकला, कव्हराचा कोपरा दिसला, की समोरच्याच्या बोलण्यातला नूर बदलायचा. दादाला ते आवडायचं. एखाद्याला नाव दिलं की आपण त्याच्याशी तसंच वागतो. वस्तू म्हटली की ती जपायची, मिरवायची, सणाला पुसून तिला हळदकुंकू लावायचं. तिचा सराव करायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझ्या डोक्यात ते आलं ते योगायोगाने. परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो. त्यासाठी दादाला ठाण्याच्या पलीकडे नेमबाजीच्या मैदानावर जावं लागलं. एकट्याने जायचा त्याला संकोच होता, आणि मित्रांना नेलं तर नेम चुकल्यावर ते हसणार. म्हणून त्याने मला नेलं. मी मागच्या बाकावर पुस्तक घेऊन बसले आणि पुस्तक काही वाचलं नाही. शिकवणारे गृहस्थ पोलीस दलातून निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आवाज हळू, ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

त्यांनी दादाला आधी गोळ्या न घालता नुसतं कव्हरातून काढायला लावलं. दादाने उभ्याने काढलं. त्याला वाटलं झालं.

"शेठ, हा असा टी-शर्ट घालून तुम्ही रोज फिरता?" उस्तादांनी विचारलं.

"न्हाय. रोज सफेद शर्ट. बाहेर सोडलेला."

"आणि जास्त वेळ असता कुठे?"

"गाडीत."

"मग उद्या शर्ट घालून या. आणि ही खुर्ची घ्या, सीटबेल्ट लावल्यासारखे बसा. उभं राहून टी-शर्टातून काढायला शिकलात, तर तेवढंच येईल तुम्हाला."

दादा हसला. उस्ताद हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दादा शर्ट घालून गेला आणि खुर्चीत बसून काढायला गेला, तर शर्टाचं टोक हातात येईना, कोपर खुर्चीच्या हातावर आपटलं, आणि झाकणाचं बटण अंगठ्याला सापडेना. उस्ताद शांतपणे बघत उभे होते. मग ते जे बोलले ते मला अजून आठवतं. ते म्हणाले, नेम हा पुढचा विषय आहे. घाबरलेल्या माणसाचं डोकं काम करत नाही, हात करतो, आणि हातही आधी जेवढं केलंय तेवढंच करतो. म्हणून घरी रोज थोडा वेळ. आधी गोळ्या काढायच्या, त्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायच्या, परत येऊन गोळ्यांची सगळी घरं रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. तोंड पक्क्या भिंतीकडे, घरातलं कुणी पलीकडे नको. बोट चापावर नाही. मग शर्ट वर, बटण, मूठ. सावकाश. घाई आपोआप येते, ती शिकावी लागत नाही. आणि अधूनमधून मैदानावर येऊन खऱ्या गोळ्या.

"आणि अजून एक, शेठ," ते म्हणाले. "सराव असला की कळतं आपल्याकडे वेळ आहे की नाही. समोरचा हातभर अंतरावर आलाय आणि तुमचा हात अजून शर्टावर आहे, तर हात वर करायचे आणि साखळी काढून द्यायची. ज्याने रोज काढून पाहिलंय त्याला माहीत असतं आपल्याला किती वेळ लागतो. ज्याने पाहिलं नाही त्याला वाटतं, मनात आलं की निघेल."

परतताना गाडीत मी हे सगळं पुन्हा बोलून दाखवलं. दादा म्हणाला, "काय गो बाय, तू तर सगलं पाठ केलंस. परवाना तुझ्याच नावावर काढायला पायजे होता."

तो पुन्हा त्या मैदानावर गेला नाही. कारणं असायची. निवडणूक आली की आचारसंहितेत हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ती परत मिळेपर्यंत लग्नसराई आलेली असायची. गोळ्या मोजक्याच मिळतात, त्या कशाला वाया घालवा, असंही तो म्हणायचा. हे मी समजू शकते. पण रिकाम्या रिव्हॉल्व्हरला गोळी लागत नाही, मैदान लागत नाही, खर्च लागत नाही. आपल्याच खोलीत, आपल्याच खुर्चीत बसून शर्ट वर करायचा आहे. मी मानकोलीला गेले की विचारायचे, "काढून पाहिलंस का?" आणि तो वहिनीला हाक मारून म्हणायचा, "आली बघ. लायब्ररी सुटली तरी हिचा दंड वसूल करायचा चालूच हाय."

वहिनी हसायची. मीही कधी कधी हसायचे. विनोद चांगला होता.

न वापरलेली विद्या कशी जाते ते मला माहीत होतं, म्हणून मी त्याच्या मागे लागायचे. तरुणपणी मी मोडी लिपी शिकले होते. आमच्या जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत. ते मी वडिलांना घडाघडा वाचून दाखवले होते. मग नोकरी लागली, मोडीचं काम पडलं नाही. काही वर्षांनी तेच कागद पुन्हा उघडले तर ओळीच्या ओळी नुसत्या वळवळत होत्या. एखादं अक्षर ओळखीचं वाटायचं आणि निसटायचं. मला मोडी येते असं मी तोपर्यंत सगळ्यांना सांगत आले होते. माझं तसं झालं म्हणून काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद होते, मी होते.

तो प्रकार घडला तो भर दुपारी. दादा एका साखरपुड्याहून जेवून परतत होता. अंगावर दोन्ही वस्तू होत्या. मानकोलीच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर एक मोटरसायकल आडवी आली आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. हा ड्रायव्हर आमच्याकडे बरीच वर्षं आहे, उत्तरेकडचा, कमी बोलणारा. त्याने मला दवाखान्याच्या जिन्यात सगळं सांगितलं, आणि मग पोलिसांना सांगितलं, आणि मग येईल त्याला सांगत राहिला, तेच शब्द, त्याच क्रमाने.

"वो लोग सिर्फ चेन मांग रहे थे, दीदी. शीशा नीचे था. शेठ का हाथ कमर पे गया. शर्ट था, सीटबेल्ट था, फिर पता नहीं, कुछ फंस गया. उन्होंने हाथ कमर पे देखा और रॉड मार दिया."

चेन घेऊन ते गेले. रिव्हॉल्व्हरला त्यांनी हातही लावला नाही.

मला या वाक्यांतून जे ऐकू आलं ते असं होतं की उस्तादांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे नव्हत्या. हात शिकलेला नव्हता, आणि आपला हात शिकलेला नाही हेही त्याला माहीत नव्हतं. हे दुसरं मला जास्त छळतं. रोज थोडा वेळ काढून पाहिलं असतं तर कदाचित त्याने कमरेकडे हात नेलाच नसता. शिव्या देत साखळी काढून दिली असती, घरी येऊन जेवणाच्या टेबलावर आणखी शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या लग्नाला नवीन केली असती.

घराने मात्र ड्रायव्हरच्या बोलण्यातला एकच शब्द उचलला. फंस गया. काय अडकलं? दिवसकार्याला बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, दसऱ्याचा धागा होता ना वर, तोच आड आला असेल. कुणी म्हटलं ते मला दिसलं नाही, मी चहाचे कप गोळा करत होते. पण दहाव्यापर्यंत ते सगळीकडे पोहोचलं होतं. मग पुरुषही म्हणायला लागले. "नशीब बघा. देवाचाच धागा आड आला." मान हलवायची, विडी पेटवायची. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होत होतं. एका माणसालाही वाटलं नाही की विचारावं, धागा वैशाखापर्यंत टिकला कसा.

आणि धागा दर दसऱ्याला बांधायची ती वहिनी.

तिने कधी कुणाला काही म्हटलं नाही. पण वर्षश्राद्धानंतर घरात सत्यनारायण घातला तेव्हा गुरुजींनी लाल धाग्याचं बंडल तिच्यापुढे केलं आणि तिने हात मागे घेतला. "तू बांध गो," ती मला म्हणाली. घरात नवीन फ्रीज आला, त्याला धागा बांधायला शेजारणीला बोलावलं. मी हे पाहत होते आणि गप्प बसत होते. काय बोलणार? तुझ्या धाग्याने काही झालं नाही, असं म्हणायचं तर पुढचं वाक्य येतंच. मग कशाने झालं? तिच्या नवऱ्याच्या आळसाने झालं, हे तिला तोंडावर सांगायला मला जमत नव्हतं. आणि न सांगता तिला तसंच जळत ठेवायलाही जमत नव्हतं.

पुढे पोलिसांकडून त्या पाकिटासकट रिव्हॉल्व्हर परत मिळालं आणि वारस म्हणून परवाना माझ्या भाच्याच्या, दादाच्या मुलाच्या, नावावर झाला. गोदामं आता तोच बघतो. जमिनीचं ते भांडण अजून मिटलेलं नाही, दादा गेल्यावर फोन पुन्हा सुरू झाले. तेव्हा त्याने ते बाळगू नये असं मी म्हणणार नव्हते. पण तो तेच कव्हर, त्याच जागी, तसाच सफेद शर्ट वर सोडून लावायला लागला, आणि माझी झोप गेली. परवाना आल्या दिवशी त्याने मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं. कव्हराचा फोटो आणि खाली 'पप्पांचा आशीर्वाद'.

"प्रशिक्षण झालं ना तुझं?" मी विचारलं.

"झालं की. दाखला पण मिळाला."

"मग आता रोज काढून बघतोस?"

"आत्या, तू पण ना." तो माझ्या शेजारी बसला आणि मला समजावायला लागला, मी लहान असल्यासारखं. "पप्पांचं काय झालं, धागा होता म्हणून अडकलं. मी धागा बांधणारच नाही. विषय संपला. टेन्शन नको घेऊस."

म्हणजे त्या बायकांचं ते वाक्य इथपर्यंत येऊन पोहोचलं होतं. धागा दोषी ठरला की बाप सुटतो, आणि बाप सुटला की मुलाला काही करायला नको. मी त्याला ड्रायव्हरचे शब्द सांगितले, उस्तादांचे सांगितले, मोडीचं सांगितलं. त्याने मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं, एवढी त्याची सभ्यता. मग म्हणाला, "उस्ताद वगैरे ठीक आहे गं. पण टायमाला होतं ते होतं." मी माझी छत्री उचलली आणि रिक्षा पकडून घरी आले. वाटेत नाक्यावर सिग्नल बंद होता आणि दोन टेम्पोवाले एकमेकांना जागा देत नव्हते. रिक्षावाला इंजिन बंद करून बसला. मी तिथे मोठ्याने काहीतरी बोलले असावे, कारण त्याने वळून विचारलं, "क्या हुआ, मावशी?"

मग हा दसरा आला. दुखवट्याचं वर्ष संपून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे पूजा होणार होती. मी सकाळीच मानकोलीला गेले. अंगणात गाडी धुऊन उभी होती, बोनेटवर झेंडूचा हार. पाटावर कोयता, विळी, भाताच्या दिवसांतलं एक जुनं दाताळं, आणि कव्हरासकट ते. वहिनीने ताट आणलं. ताटात हळद, कुंकू, अक्षता आणि धाग्याचं बंडल. बंडलावर कागद तसाच होता. तिने सगळ्याला हळदकुंकू वाहिलं, गाडीला वाहिलं. धाग्याला हात लावला नाही.

"आई, धागा नको हां," भाचा म्हणाला. ती ताट उचलायला वाकली.

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "बांधायचा. मी बांधते. पण आधी ते रिकामं कर."

"आत्या, सणाच्या दिवशी..."

"रिकामं कर आणि गोळ्या माझ्याकडे दे."

तो हसत उठला. त्याला वाटलं म्हातारीचा हट्ट आहे, पुरवून टाकू. त्याने गोळ्या काढल्या. मी त्या स्वयंपाकघरात नेऊन मिठाच्या बरणीमागे ठेवल्या, परत आले, सगळी घरं उजेडात धरून बघायला लावली आणि बोट फिरवायला लावलं. मग ते कव्हरात ठेवून मी झाकणावरून धागा बांधला, वहिनी बांधायची तसेच वेढे देऊन. वहिनी ओट्यावर उभी होती. ती आत जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही.

"बस गाडीत," मी म्हटलं. "सीटबेल्ट लाव. पुढे, पप्पांच्या जागेवर."

तो बसला. गाडीचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे होतं. मी ड्रायव्हरला आणि वहिनीला ओट्याच्या आतल्या बाजूला उभं केलं. स्वतः गाडीच्या मागच्या दाराजवळ, त्याच्या खांद्यामागे उभी राहिले, आणि अर्ध्या उतरवलेल्या काचेवर छत्रीच्या मुठीने टकटक केलं.

"साखळी काढ."

तो अजून हसत होता. हात कमरेकडे गेला. शर्ट सीटबेल्टच्या पट्ट्याखाली दबलेला होता, तो वर येईना. त्याने ओढला, एक बटण उडालं. कोपर दारावर आपटलं. मी पुन्हा टकटक केलं. आता तो हसत नव्हता. शरीर तिरकं करून त्याने बोटं आत घातली, झाकण चाचपडलं, ओढलं. झाकण उघडलं नाही. ओढण्यात धागा तेवढा तुटला, आणि त्याच्या मांडीवर पडला. रिव्हॉल्व्हर कव्हरातच होतं.

ओट्यावरून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बिलकुल ऐसाच हुआ था."

वहिनी खाली उतरून आली. तिने वाकून भाच्याच्या मांडीवरचा धागा उचलला. "इतक्यात तुटला?" ती म्हणाली. मग ओट्यावर गेली, बंडलावरचा कागद फाडला, धाग्याचा एक तुकडा काढला आणि दोन्ही हातांत धरून हिसका दिला. तुटला. दोन पदर घेतले. तुटले. ती पायरीवर बसली आणि तुकडे काढून तोडत राहिली. आम्ही तिघं बघत राहिलो. तिच्या पायाशी लाल तुकड्यांचा लहानसा ढीग झाला.

"मंग त्यांचा हात इथवर पोचलाच न्हाय," ती म्हणाली.

मी दीड वर्ष हे कुणीतरी म्हणावं म्हणून धुमसत होते. तिने म्हटल्यावर मला काहीच बरं वाटलं नाही. मी तिच्या शेजारी बसले. ती रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि एकदम, भांडणाच्या सुरात, मला म्हणाली, "तू तर दर खेपेला सांगायचीस त्यांना. आनि मी हसायची."

"मीपण हसायचे," मी म्हटलं.

गाडीतून भाचा उतरला नव्हता. बेल्ट तसाच लावून, बटण तुटलेला शर्ट धरून बसला होता. वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाली, "उद्यापासून रोज सकाली मी धागा बांधनार. गोल्या माझ्या हातात द्यायच्या, मग गाडीत बसायचं, आनि तुटलेला धागा मना आनून दाखवायचा. मग चहा."

"रोज?"

"धागा हाय घरात भरपूर."

तेव्हापासून हे चालू आहे. नवीन कव्हर आणलं, त्याचं बटण अंगठ्याला सापडतं. एकदा तो आपण होऊन मैदानावरही गेला. उस्ताद आता नसतात, दुसरे कुणी आहेत. सुरुवातीला तो रोज माझ्याशी फोनवर कुरकुर करायचा की आईने घरात पोलीस ट्रेनिंग उघडलंय, शेजारी हसतात. मी म्हणायचे हसू दे. सुधारणा किती झाली हे मला सांगता येत नाही. एवढं खरं की मध्यंतरी तो स्वतःच म्हणाला, "आत्या, बसल्या बसल्या काढायला खूप वेळ जातो गं. गाडीत असताना कुणी अगदी काचेला येऊन टेकला, तर आपण देऊन टाकू." हे ऐकून मी फोन ठेवला आणि खूप दिवसांनी मला दादाची आठवण आली, राग न येता. थोडाच वेळ.

कारण लगेच पुढच्या रविवारी मी मानकोलीला गेले, तर भाचा घाईत होता. कुणी भाडेकरू गोदामावर येऊन थांबला होता. तो गाडीतून पटकन उतरला, धाग्याचा तुकडा वहिनीच्या हातात दिला आणि चहाचा कप उचलला. वहिनीने तुकडा डोळ्यांजवळ नेला. तिचं माहेर निजामपुऱ्यातलं, घरात कापडाचे लूम होते. तुटलेल्या धाग्याची टोकं जोडण्यात तिचं बालपण गेलं आहे.

"हा कापलेला हाय," ती म्हणाली.

"काय आई. तुटलाय ना? तेच झालं."

"तुटला की टोकाला पिंजतो. ह्याचं टोक सरल हाय." तिने तुकडा त्याच्यासमोर धरला. "पोलिसांच्या पाकिटातला मी बघितलाय. तोपन असाच कापलेला होता."

भाच्याने कप खाली ठेवला. तिला ते पाकीट कधी सापडलं, तिने ते कधी उघडलं, आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. गोदामावरून फोन वाजत होता, त्याने तो बंद केला. वहिनीने बंडलातून नवा धागा ओढला, दाताने तोडला आणि कव्हरावर बांधायला घेतला. गाठ मारायला तिला वेळ लागला.

"बस गाडीत," ती म्हणाली.

तो काहीतरी पुटपुटत गेला. दार आपटलं. सीटबेल्टचा आवाज आला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कोपऱ्यातली छत्री घेऊन उठले.